शाळेची पाटी आणि शाळेची हवा



दुसरबीड आणि आजूबाजूच्या खेड्यांत आपली बैठक भरली, की अलीकडं एका प्रश्नावर हटकून खडाजंगी होते. लेकरू कुठं घालायचं? जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत, संस्थेच्या अनुदानित शाळेत, की जिची पिवळी गाडी दारात येते त्या इंग्रजी शाळेत? एक जण म्हणतो, जिल्हा परिषदेची शाळा आपल्या हक्काची, आपणच सोडली तर ती बंद पडणार. दुसरा म्हणतो, मोठ्यांची पोरं जिथं जातात तिथं आपलं पोरगं का जाऊ नये? दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. दोघंही बाबासाहेबांचंच नाव घेतात. आणि बैठक मोडते तेव्हा प्रश्न होता तिथंच असतो.

मला वाटतं, आपण शाळेच्या पाटीवर भांडतो. शाळेच्या आत जे चालतं त्यावर बोलत नाही. पोराला हाक कशी मारतात, कुठं बसवतात, पाणी कोण देतं, त्यानं प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं की टोमणा, या पोराकडून काही होईल असं मास्तराला वाटतं की नाही, या सगळ्याला मिळून मी शाळेची हवा म्हणतो. विद्वान मंडळी तिला शालेय वातावरण म्हणतात. आपल्या शिक्षणाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळला तर एक गोष्ट स्वच्छ दिसते. पाटी बदलण्यासाठी आपली माणसं लढली, आणि ते लढणं बरोबरच होतं. पण पोरं वर आली ती जिथं हवा बदलली तिथं. एवढंच मला या लेखात मांडायचं आहे.

तीन पाट्या, तीन पिढ्या

आधी आपल्या मुलखापासून सुरुवात करू. आपला भाग वऱ्हाडच्या टोकाचा. जालन्याकडं उतरलं की मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. अलीकडं १८५३ पासून इंग्रजांचा अंमल. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. तेव्हा सिंदखेड हा काही तालुका नव्हता, हा सगळा भाग मेहकर तालुक्यात होता. शाळा होत्या त्या पुढं डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या झाल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये जनपद सभा आल्या. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांत त्याच शाळेची, त्याच भिंतीवरची पाटी तीनदा रंगवली गेली.

माझ्या घरातल्या तीन पिढ्या या तीन पाट्यांखाली शिकल्या. गावांची आणि शाळांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. ती गोष्ट एका गावाची नव्हतीच.

माझा आजा डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या काळात दुसरीपर्यंत गेला. 'गेला' म्हणतो, 'शिकला' म्हणत नाही. तो ओसरीवर बसायचा. हिशोब झाला की पाटी खाली ठेवायची आणि चार पावलं मागं सरकायचं. मग मास्तर लांबून बघणार. चुकलं असेल तर काय चुकलं हे मास्तर सांगणार कसा? त्यासाठी पाटी हातात घ्यावी लागते. आजा म्हणायचा, "मले मार बसे तो चुकल्याचा बसे, पन काहून चुकलं ते कोनी सांगेच ना." या एका वाक्यात शिक्षणशास्त्राचा अख्खा ग्रंथ आहे. शाळा सरकारी होती, आज्याचं नाव पटावर होतं, पण शिकवणं त्याच्यापर्यंत चार पावलांवरून पोचतच नव्हतं.

माझा बाप जनपद सभेच्या शाळेत गेला तेव्हा संविधान आलं होतं. सतराव्या कलमानं अस्पृश्यता मोडीत निघाली होती, १९५५ मध्ये तिच्याविरुद्ध कायदाही झाला. बाप खोलीच्या आत बसला. पण शेवटच्या ओळीत. पाणी वरून ओंजळीत. चौथी झाली आणि तो सालदार म्हणून लागला. त्याला शाळेतून कुणी काढलं नव्हतं. 'तू पुढं शीक' असं म्हणणारं त्या शाळेत कुणी नव्हतं, एवढंच.

मी जिल्हा परिषदेच्या काळातला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जन्मलेला. मी कुठंही बसायचो, माठातलं पाणी हातानं घ्यायचो. पण वर्षातून दोनदा मास्तर भर वर्गात म्हणायचे, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." आम्ही आठ-नऊ पोरं उभी राहायचो. बाकी वर्ग बघायचा. मग एकेकाला विचारणा, "तू बौद्ध का महार? रजिस्टरात काय लिहू?" हा प्रश्न साधा नव्हता. महाराष्ट्रानं १९६० पासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या होत्या, पण केंद्राच्या यादीत बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० उजाडलं. तोवर दाखल-खारीज रजिस्टरातला तो एक रकाना म्हणजे आमच्या आई-बापांच्या धर्मांतरावर दर साली लावलेलं प्रश्नचिन्ह होतं. शिष्यवृत्ती आमचा हक्क होता. पण तो मिळत होता तो असा, उभं करून.

ओसरी गेली, शेवटची ओळ गेली, उभं राहणं उरलं. प्रगती झाली का? झाली, नाही कशाला म्हणू. पण पाटी तीनदा बदलली म्हणून ती झाली नाही. आणि प्रत्येक पाटीनं आतली जुनी हवा थोडीथोडी जपूनच ठेवली.

पुणे आणि धारवाड

आता मागं जाऊ. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि १८५२ च्या सुमारास महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. लहुजी साळवे वस्तादांसारख्या माणसांनी वस्तीतली पोरं तिकडं वळवली. पाटीच्या हिशोबानं बघितलं तर या शाळा अगदी गरीब. वर्गणीवर चालणाऱ्या, वस्तीतल्या, वेगळ्या. सरकारी शाळेचा थाट तिथं नव्हता. पण त्याच शाळेतल्या मुक्ता या मांग समाजातल्या मुलीनं निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तो निबंध. धर्म, पेशवाई, भूक, बाळंतपण, कशालाही तिनं सोडलं नाही. अक्षरओळख झाल्यावर अवघ्या काही वर्षांत एका मुलीनं व्यवस्थेला थेट जाब विचारला.

आजच्या भाषेत याला आपण 'गुणवत्ता' म्हणू. ती आली कुठून? त्या शाळेत मुक्ताची पाटी कुणीतरी हातात घेत होतं. तिनं विचार केला तर तो विचार आहे असं मानणारं माणूस समोर होतं.

आता त्याच काळातलं धारवाड बघा. १८५६ च्या जूनमध्ये एका महार मुलानं तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. त्यानं मुंबई सरकारकडं अर्ज केला. सरकारनं त्याची बाजू न्यायाची आहे हे मानलं, पण एका मुलासाठी शाळेतली बाकीची मुलं जातील म्हणून दार उघडलं नाही. १८५८ मध्ये विलायतेतल्या डायरेक्टरांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या असाव्यात असं धोरण सांगितलं. म्हणजे कागदावरचं दार तेव्हापासून उघडं आहे. माझा आजा ओसरीवर बसला तो त्यानंतर सत्तर वर्षांनी.

जोतीरावांना हे कळलं होतं. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं निवेदन देताना त्यांनी बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली, आणि तिथंच थांबले नाहीत. मास्तर कोण असावा यावरही ते बोलले. मास्तर बहुतेक ब्राह्मण असतात, ते बहुजनांच्या मुलांत मिसळत नाहीत. मास्तर कष्टकरी वर्गातला, नांगराला आणि सुताराच्या हत्याराला हात लावताना न लाजणारा असावा, असा त्यांचा आग्रह होता. शाळा किती काढल्या यावर सरकार खूश असताना हा माणूस शाळेच्या आतली हवा तपासत होता.

सातारा ते एल्फिन्स्टन

बाबासाहेबांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण ती आपण अपमानाची गोष्ट म्हणून सांगतो. ती शाळेच्या अभ्यासाची गोष्ट म्हणूनही वाचली पाहिजे. साताऱ्याच्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर बसत आणि ते गोणपाट संध्याकाळी घरी परत नेत. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर तहान. ही शाळा काही गावंढळ नव्हती, सरकारी होती. पुढं मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल. त्या काळच्या नामवंत सरकारी शाळांपैकी एक. तिथंही संस्कृत मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. उत्तम पाटी, वाईट हवा.

मग ते शिकले कसे? आपण म्हणतो, ते असामान्य होते. होतेच. पण त्यांच्या वाटेवर हवेच्या दोन-तीन झुळुका होत्या, त्याही मोजल्या पाहिजेत. बाप रामजी सुभेदार, जे पहाटे उठवून अभ्यासाला बसवत आणि उसनवारी करून पुस्तकं आणत. साताऱ्याचे एक शिक्षक, जे मधल्या सुटीत आपल्या डब्यातली भाकरी-भाजी त्यांना देत. आणि मुंबईत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी, जे बागेत वाचत बसणाऱ्या या पोराला हेरून पुस्तकं देत राहिले. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर त्यांनी आपलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे.

यातून मी एक निष्कर्ष काढतो. एखादा असामान्य मुलगा वाईट हवेतही तगतो. पण वाईट हवेतली शाळा चांगली आहे याचा तो पुरावा नसतो. 'बघा, त्यातूनही एक आंबेडकर झाले' असं म्हणणाऱ्याला विचारा, त्याच गोणपाटावर बसून जे विझले ते किती?

वेगळी शाळा की एकत्र शाळा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या चळवळीतही हाच पाटीचा वाद होता. अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा असाव्यात की सर्वांच्या शाळेत घुसावं?

वेगळ्या शाळेची अडचण मास्तरापासूनच सुरू व्हायची. बडोद्यात सयाजीरावांनी १८८३ च्या सुमारास अंत्यजांच्या शाळा काढल्या तर हिंदू शिक्षक मिळेनात, मुसलमान शिक्षक नेमावे लागले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उलटा मार्ग धरला. १९१७ मध्ये त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून सर्वांना एका शाळेत बसवायचा हुकूम दिला. मुंबई इलाख्यात १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव झाला, पाणवठ्यांबरोबर सरकारी शाळाही त्यात होत्या. १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते. तिच्या १९३० च्या अहवालानंही कल दिला तो एकत्र शाळांकडं.

पण आपल्याच बाजूच्या नागपुरात काय घडलं ते बघा. जाईबाई चौधरी कामठी-नागपूर रस्त्यावर डोक्यावर ओझी वाहणारी बाई. मिशनच्या एका बाईंनी तिला शिकवलं, शिक्षिका केलं. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्णांनी आपली पोरं शाळेतून काढायला सुरुवात केली आणि जाईबाईंची नोकरी गेली. त्या रडत बसल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्या शाळा काढली. पाटी पुन्हा वेगळ्या शाळेची. पण तिथं मुलींच्या पुढ्यात उभी असलेली बाई त्यांच्यातलीच होती. मुलींना रोज डोळ्यांनी दिसत होतं की आपण मास्तरीण होऊ शकतो.

मग बरोबर कोण, शाहू महाराज की जाईबाई? दोघंही. महाराजांच्या हातात सत्ता होती. सर्वांच्या शाळेत कुणाला कुठं बसवायचं, हे ते हुकमानं ठरवू शकत होते. जाईबाईंच्या हातात सत्ता नव्हती, म्हणून त्यांनी जिथली हवा आपल्या ताब्यात राहील अशी जागा तयार केली. दोघांनी तपासलं ते एकच, की या शाळेतली हवा कुणाच्या हातात आहे? पाटीला किंमत असते ती इथं. हवा कोण ठरवणार, मास्तर कोण नेमणार, तक्रार कुणाकडं जाणार, हे पाटीवरून ठरतं. त्यापलीकडं पाटी म्हणजे रंग आणि लाकूड.

वसतिगृहातली चूल

या काळात ज्यांनी पोरं घडवली त्यांनी शाळेआधी वसतिगृह धरलं, हाही योगायोग नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचं बोर्डिंग काढलं. मुलं एकत्र राहात, एकत्र रांधत, एका पंगतीत जेवत. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. ज्या धारवाडात १८५६ मध्ये त्या मुलाला दार बंद झालं, तिथं पुढं बाबासाहेबांच्याच प्रयत्नानं आपल्या मुलांचं वसतिगृह उभं राहिलं. इकडं वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला १९२६ मध्ये श्रद्धानंद छात्रालय काढलं, ते सर्व जातींना खुलं होतं.

शाळेत पाच तास अपमान सोसलेलं पोरगं संध्याकाळी जिथं परत येतं, तिथली हवा चांगली असेल तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत जातं. एवढं साधं गणित. वसतिगृहाची चूल ही शाळेचाच एक वर्ग असते, हे त्या पिढीनं ओळखलं होतं.

मिलिंदाचा प्रश्न

आणि मग मिलिंद. ८ जुलै १९४५ ला बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय, आणि १९५० मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जे महाविद्यालय निघालं तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. आपल्या भागाला ते जवळचं. मेहकर-सिंदखेडवरून जालना, तिथून पुढं. मोगलाईतली आणि वऱ्हाडातली पोरं ट्रंक-वळकटी घेऊन तिथं उतरली. बहुतेकांच्या घरात मॅट्रिक झालेलं दुसरं माणूस नव्हतं.

बाबासाहेबांनी त्याला नाव काय दिलं बघा. परिसराचं नाव नागसेनवन आणि महाविद्यालयाचं नाव मिलिंद. भदंत नागसेन हे उत्तर देणारे, मिलिंद राजा हा प्रश्न विचारणारा. महाविद्यालयाला नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं! हजारो वर्षं ज्यांच्या तोंडाला मडकं बांधलं, त्यांच्या पोरांना आल्या दिवशी सांगितलं की इथं प्रश्न विचारणं हाच धर्म. शाळेची हवा म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी या दोन नावांकडं बोट दाखवीन.

प्राचार्य म. भि. चिटणीस आपल्या समाजातले नव्हते. पण त्यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं, विद्यार्थ्यांनी ते केलं, आणि १९५५ मध्ये बाबासाहेबांनी ते पाहिलं. पुढं प्राचार्य म. ना. वानखडे आले, गंगाधर पानतावणे आले. १९६० च्या दशकात याच परिसरातून 'अस्मिता' निघालं आणि त्याचं 'अस्मितादर्श' झालं. दलित साहित्याची एक मोठी वाट नागसेनवनातून गेली. तिथं शिकायला आलेली पोरं निवडक गुणांची नव्हती. गावच्या शाळेनं ज्यांना 'जेमतेम' ठरवलं होतं तीच ही पोरं. मग तिथं आल्यावर त्यांच्यात कवी, समीक्षक, प्राध्यापक कुठून निघाले? पोरं तीच होती. समोरचा माणूस त्यांच्याकडं बघत होता ती नजर वेगळी होती.

विद्वानांनी मोजलं ते

आता कुणी म्हणेल, हे सगळं भावनेचं झालं, आकडे कुठं आहेत? तेही बघू.

अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांचा मोठा अहवाल आला. शाळेची इमारत, पुस्तकं, खर्च यापेक्षा मुलाच्या घरच्या परिस्थितीचा त्याच्या निकालावर जास्त परिणाम होतो, असं त्यात निघालं. लोकांनी तेवढंच धरलं. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. 'माझं नशीब माझ्या हातात आहे' असं वाटणं काळ्या मुलांच्या यशाशी फार घट्ट जोडलेलं दिसलं. मग १९७९ मध्ये ब्रुकओव्हर आणि सहकाऱ्यांनी मिशिगनच्या प्राथमिक शाळांची हवा मोजली. निकालाशी सगळ्यात जवळचं नातं निघालं ते एका भावनेचं, 'कितीही शिकलं तरी काय उपयोग' या भावनेचं. ती जिथं पसरलेली, तिथं निकाल खाली. त्याच वर्षी लंडनमध्ये मायकेल रटर यांनी १२ माध्यमिक शाळांचा अभ्यास छापला. सारख्या वस्तीतल्या, सारख्या घरांतल्या मुलांच्या शाळा, तरी निकालात फरक. शाळेचा आकार किंवा इमारतीचं वय यानं तो फरक उलगडत नव्हता. शिक्षकांची अपेक्षा, कौतुक, मुलांना दिलेली जबाबदारी, वेळेवर सुरू होणारा तास, यानं उलगडत होता.

आणि आपल्या देशातला पुरावा तर अंगावर काटा आणतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातला प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीच्या गावातल्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात उच्चारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी सारखी. मग एकत्र बसवून प्रत्येकाचं नाव आणि जात मोठ्यानं वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, कोडी तीच. बदललं काय? एक हाक. 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' या तीन शब्दांनी माझ्या वर्गातल्या आठ-नऊ पोरांचं काय केलं असेल, ते हा प्रयोग वाचल्यावर मला कळलं.

आता राहिला खासगी शाळेचा प्रश्न. आंध्र प्रदेशात २००८ पासून एक प्रयोग झाला. सोडत काढून काही गरीब मुलांना खासगी शाळेचा खर्च दिला आणि चार वर्षं तपासलं. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २०१५ मध्ये निष्कर्ष छापले. गणित आणि तेलुगूत खासगी शाळेतली ही मुलं सरकारी शाळेतल्यांपेक्षा पुढं गेली नाहीत. हिंदी मात्र त्यांना जास्त आलं, कारण तिथं हिंदीला वेळ दिला जात होता. खासगी शाळा हे कमी पैशात करत होत्या हेही खरं. पण 'पाटी बदलली की पोरगं हुशार होतं' या समजुतीला त्यात आधार सापडत नाही.

मग आपण काय करायचं

मी जिल्हा परिषदेच्या शाळेची आरती ओवाळायला बसलो नाही. आणि इंग्रजी शाळेत पोरगं घालणाऱ्या बापाला गद्दारही म्हणणार नाही. तो त्याच्या लेकराचं भलंच बघतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सुटका दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. हे दार आपलं आहे, ते सोडायचं नाही. दुसऱ्या बाजूला, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा प्रस्ताव २०२३ मध्ये पुढं आला. वस्तीजवळची शाळा गेली की पहिल्यांदा कुणाची पोरगी घरी बसणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तेही दार सोडायचं नाही.

पण दोन्ही दारांतून आत गेल्यावर काय, हा प्रश्न आपल्या अजेंड्यावर नाही. तो घ्या. प्रत्येक गावात आपल्या दोन पोरांनी शाळेत जाऊन साध्या गोष्टी बघाव्यात. आपली लेकरं कुठं बसतात? दुपारच्या जेवणात पंगत एक आहे का? झाडलोट आणि संडास साफ करायची पाळी सगळ्यांना येते, की ठराविक आडनावांनाच? शिष्यवृत्तीचे अर्ज वर्गात उभं करून भरतात की पालकांना बोलावून गुपचूप? मास्तर आपल्या पोरांना नावानं हाक मारतात का? त्यांच्या वह्या तपासतात का, आणि चुकलं तर काय चुकलं ते सांगतात का? गॅदरिंगमध्ये आपली पोरगी सूत्रसंचालन करते की नुसत्या खुर्च्या उचलते? फुले-आंबेडकरांच्या जयंतीला भाषण होतं तसं त्या दिवशी प्रश्नही विचारू देतात का?

हे बघायचा हक्क आपल्याला कायद्यानं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असली पाहिजे. वंचित मुलाशी भेदभाव होणार नाही ही सरकारची जबाबदारी त्याच कायद्यात लिहिली आहे, आणि मानसिक छळालाही बंदी आहे. ही समिती बहुतेक गावांत कागदावर असते आणि सही घ्यायला रजिस्टर घरी येतं. आपल्या बायांनी तिथं जाऊन बसावं. सही करण्याआधी विचारावं. खासगी शाळेत ही समिती नसेल तर पालकांनी चौघं मिळून जावं, एकट्यानं नव्हे. एकटा गेला की 'तुमचं पोरगं काढून घ्या' हे ऐकावं लागतं.

आणि ज्या शाळेत एखादा चांगला मास्तर आहे, मग तो कुठल्याही जातीचा असो, त्याच्या पाठीशी उभं राहा. आपण वाईट मास्तराविरुद्ध मोर्चा काढतो, चांगल्याची बदली झाली तर गप्प बसतो. साताऱ्याच्या त्या भाकरीवाल्या मास्तरासारखी माणसं आजही आहेत. ती एकटी पडली की शाळेची हवा पुन्हा जुन्या बाजूला वाहायला लागते.

शेवटची गोष्ट. विहारात संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालवा. मोठा खर्च नाही. एक दिवा, एक फळा, आणि कॉलेजात जाणारं आपलं एखादं पोरगं. तिथं एकच नियम ठेवा. लहान पोराची वही हातात घ्यायची, चुकलं ते दाखवायचं, आणि त्यानं विचारलेल्या प्रश्नाला हसायचं नाही. शाळेची पाटी रंगवणं आपल्या हातात नसेल. ही हवा आज रात्रीपासून आपल्या हातात आहे.

जय भीम.